बॅकअप नॅस आणि सिक्युरिटी ॲनालिसिस सर्व्हर यांच्यात एकापेक्षा जास्त लिंक कशा टाकायच्या

दोन केबल टाकल्या, चारही टोकांचे दिवे हिरवे झाले, स्विचवर ग्रुप बनवला, आणि तरी कॉपी सेकंदाला ११० एमबीच्या वर सरकत नाही. वाळूज, शेंद्रा, जालना, लातूर इथल्या कंपन्यांमध्ये आणि पतसंस्थांमध्ये आयटीच्या कामाला नव्यानं लागलेली पोरं हाच प्रश्न घेऊन येतात. "सर, केबल बदलून पाहिली, स्विच बदलून पाहिला." दोष सहसा केबलचाही नसतो आणि स्विचचाही नसतो. कोणतं काम कोणत्या लिंकवरून जाणार, हे न ठरवताच लिंका जोडलेल्या असतात.

म्हणून इथे क्रम उलटा धरू. आधी कामं वेगळी करायची, मग त्यांना लिंका द्यायच्या. दोन लिंका एकत्र बांधायचा, म्हणजे बाँडचा विचार अगदी शेवटी, आणि गरज पडली तरच. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. स्क्रीनवर ती इंग्रजीतच टाइप करायची, आकडेसुद्धा.

कोण कोणाला काय पाठवतं

उदाहरणाला जालन्याच्या एमआयडीसीतली एक सळईची मिल घेऊ. ऑफिसच्या इमारतीत ॲनालिसिस सर्व्हर आहे. त्यावर सुरिकाटा आणि झीक नेटवर्कवरची रहदारी तपासतात आणि इलॅस्टिकसर्चमध्ये लॉग साठतात. बॅकअपचा नॅस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कांचा डबा, मुद्दाम दुसऱ्या इमारतीत, गेटजवळ वजनकाट्याच्या ऑफिसमागे ठेवला आहे. अंतर सुमारे २०० मीटर. एका इमारतीला आग लागली तर दोन्ही यंत्रं सोबत जाऊ नयेत, एवढंच कारण.

दोघांमध्ये चार प्रकारची ये-जा असते. इलॅस्टिकसर्चचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळच्या डेटाच्या प्रती, सर्व्हरवरून नॅसवर जातात. जुन्या पॅकेट कॅप्चरच्या (नेटवर्कवरून गेलेल्या पॅकेटांच्या जशाच्या तशा नोंदीच्या) फाइली सर्व्हरवरून नॅसवर जातात. नॅसवरचे ईआरपी आणि अकाउंट्सचे बॅकअप सर्व्हर वाचतो, कारण रिस्टोअर करण्याआधी त्यात मालवेअर नाही ना हे पाहायचं असतं. आणि नॅस स्वतःचे लॉग, म्हणजे कोण लॉगिन झालं, काय डिलीट केलं, हे सर्व्हरला पाठवतो. हे शेवटचं काम आकारानं चिमूटभर असतं, पण सगळ्यात मोलाचं तेच.

आता आकडे काढा. कॅप्चरच्या पोर्टवर दिवसभराची सरासरी १०० मेगाबिट धरली तर सेकंदाला १२.५ एमबी होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की दिवसाला साधारण १.०८ टीबी. एक गिगाबिट लिंकवर प्रत्यक्षात ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे एवढा माल न्यायला पावणेतीन तास. आणि याच वेळात स्नॅपशॉट चालू झाला, वर मालवेअर तपासणीही लागली, की रात्रीचा बॅकअप सकाळी पहिली शिफ्ट आली तरी संपत नाही.

साठवण किती दिवसांची ठेवायची, हेही याच कागदावर लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. पॅकेट कॅप्चरही १८० दिवस ठेवायचं म्हटलं, तर वरच्या हिशेबानं १९४ टीबी लागतील. मिलच्या मालकाला हा आकडा सांगून बघा. म्हणून लॉग आणि कॅप्चर यांची मुदत वेगळी, नॅसवरचे शेअर (वाटून दिलेली फोल्डरं) वेगळे, आणि शक्य असेल तर लिंकही वेगळी.

पत्त्यांचा कागद

सर्व्हरला चार पोर्ट लागतील: मॅनेजमेंट, स्टोरेज अ, स्टोरेज ब आणि कॅप्चर. नॅसलाही चार: मॅनेजमेंट, स्टोरेज अ, स्टोरेज ब, आणि ऑफिसच्या बाकी यंत्रांचे बॅकअप ज्यावर येतात तो. हा शेवटचा इथे बाजूला ठेवू.

मॅनेजमेंट: १०.२०.१०.०/२४, गेटवे १०.२०.१०.१
स्टोरेज अ: १०.२०.५१.०/२४, गेटवे नाही
स्टोरेज ब: १०.२०.५२.०/२४, गेटवे नाही
कॅप्चर: आयपी पत्ताच नाही

नॅसचा शेवटचा आकडा तिन्ही ठिकाणी ११, सर्व्हरचा २१. म्हणजे १०.२०.५२.११ दिसलं की हा नॅस आणि ही ब लिंक, हे कागद न बघता कळतं.

"गेटवे नाही" हे शब्द डोळ्यांत भरतील एवढे मोठे लिहा. कार्डाला पत्ता देताना फॉर्ममध्ये गेटवेची चौकट रिकामी दिसते आणि नव्या माणसाचा हात ती भरायला शिवशिवतो. एका यंत्राला डिफॉल्ट गेटवे एकच, आणि तो मॅनेजमेंटच्या कार्डावर. दोन-तीन कार्डांवर गेटवे दिले की पॅकेट एका दारानं येतं, उत्तर दुसऱ्या दारानं जातं, आणि मधला फायरवॉल ते टाकून देतो. मग "कधी चालतं, कधी चालत नाही" असा खेळ सुरू होतो.

दुसरी ठरलेली चूक म्हणजे अ आणि ब दोन्ही कार्डांना एकाच सबनेटमधले पत्ते देणं, म्हणजे दोन्ही १०.२०.५१ चेच. लिनक्समध्ये पत्ता कार्डाचा नसतो, यंत्राचा असतो. त्यामुळे ब कार्डाच्या पत्त्याची एआरपी विचारणा ("हा पत्ता कोणाचा?" अशी नेटवर्कवरची हाक) अ कार्डावर आली तर अ कार्डही उत्तर देऊन मोकळं होतं, आणि जाणारी रहदारी राउटिंग टेबलात आधी सापडलेल्या एकाच कार्डावरून जाते. दोन्ही दिवे लुकलुकतात, काम एकच कार्ड करतं. एआरपीच्या सेटिंग बदलून यातून वाट काढता येते, पण वेगळे सबनेट दिले की तो प्रश्नच उरत नाही.

नॅसला दोनच पोर्ट असतील तर? एक मॅनेजमेंटला, एक स्टोरेजला. दुसऱ्या स्टोरेज लिंकच्या मोहापायी मॅनेजमेंट आणि स्टोरेज एकाच सबनेटमध्ये घालू नका.

जमिनीतली वायर

या भागाला नवखी माणसं दहा मिनिटं देतात. पुढची बरीच वर्षं मनस्ताप इथूनच येतो.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकायची नाही. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, हे झालंच. पण अंतर ६० मीटर असतं तरी मी फायबरच सांगितली असती. मे-जूनमध्ये मराठवाड्यात वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला की वीज जवळपास पडल्यावर तो झटका लॅन केबलवरून थेट कार्डात उतरतो. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो. त्यात पाणी टाकण्याचं काम कोणाचं, हे बहुतेक कंपन्यांत ठरलेलं नसतं. शिवाय सळईच्या मिलमध्ये इंडक्शन फर्नेस असते; तिच्या पॉवर केबलशेजारून गेलेली लॅन केबल एरर दाखवते. काचेच्या तंतूला यातलं काही लागत नाही.

२०० मीटरसाठी ओएम३ मल्टिमोड फायबर पुरते. १० गिगाबिटचं एसआर मॉड्यूल (फायबर यंत्राला जोडणारा प्लग) तिच्यावर ३०० मीटरपर्यंत चालतं. एका लिंकला दोन कोर लागतात, एक जाणारा आणि एक येणारा. दोन लिंकना चार. सहा कोरची आर्मर्ड केबल घ्या, म्हणजे दोन कोर शिलकीत राहतात आणि उंदरांचाही बंदोबस्त होतो.

पण एकाच सहा कोरच्या केबलमधून दोन्ही लिंका नेल्या तर कागदावर त्या दोन आणि जमिनीत एक. नाली खोदायला जेसीबी आला की दोन्ही एकदमच जातात. परवडत असेल तर दोन केबल, दोन वाटांनी: एक रस्त्याच्या कडेनं चरातून, दुसरी शेडच्या छताखालच्या ट्रेमधून. परवडत नसेल तर तसं कागदावर स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी "आपल्याकडे दोन लिंका आहेत" म्हणून निर्धास्त होणार नाही.

आता मध्ये स्विच हवा का? दोनच यंत्रं एकमेकांशी बोलणार असतील तर माझं मत स्वच्छ आहे: नको. सर्व्हर आणि नॅस दोन्हीत दोन-दोन एसएफपी प्लस पोर्टचं (ते मॉड्यूल ज्यात बसतं त्या पोर्टचं) कार्ड बसवा आणि फायबर थेट इकडून तिकडे जोडा. बिघडायला एक वस्तू कमी, आणि कोणी येऊन त्या स्विचच्या रिकाम्या पोर्टात लॅपटॉप खुपसू शकत नाही. घेण्याआधी नॅसच्या कंपनीच्या यादीत ते कार्ड आहे का, एवढं बघा.

पुढे दुसरा ॲनालिसिस सर्व्हर येणार असेल तर स्विच लागतील. तेव्हा एक खड्डा लक्षात ठेवा. दोन इमारतींतल्या दोन स्विचमध्ये दोन अपलिंक टाकल्या आणि एकीवर फक्त अ व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क), दुसरीवर फक्त ब व्हीलॅन सोडला, तरी साधी आरएसटीपी, म्हणजे नेटवर्कमधली गोल गाठ तोडणारी स्विचची सोय, व्हीलॅन बघत नाही. तिला ती गाठ दिसते आणि ती एक अपलिंक बंद करते. बंद झालेल्या अपलिंकवरचा व्हीलॅन मेला. पोर्टचा दिवा हिरवाच, केबल ठीक, पिंग मात्र नाही. अशा वेळी एमएसटीपी लावून दोन व्हीलॅन दोन वेगळ्या इन्स्टन्समध्ये टाकावे लागतात आणि प्रत्येकाची अपलिंक खुली राहील अशी पोर्टची कॉस्ट लावावी लागते, नाहीतर दोन्ही अपलिंकांचा एलएसीपी ग्रुप (लिंका एकत्र बांधण्याची ठरलेली पद्धत) करून दोन्ही व्हीलॅन त्यावरून न्यावे लागतात.

एकेक लिंक, एकेकटी

सगळं एकदम जोडू नका. आधी फक्त अ.

सर्व्हरमध्ये कोणतं कार्ड कोणत्या नावाचं, हे अंदाजानं ठरवू नका. ईथटूल या लिनक्सच्या कमांडला डॅश पी आणि कार्डाचं नाव दिलं की त्या पोर्टचा दिवा लुकलुकायला लागतो. रॅकमागे एक माणूस उभा करा, तो सांगेल. लगेच त्या पोर्टावर आणि केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर नुसतं "नॅस" लिहून भागत नाही. "स्टोरेज अ, सर्व्हर पोर्ट २ ते नॅस पोर्ट ३" असं लिहा.

लिंकच आली नाही तर बहुतेक वेळा जाणारा आणि येणारा कोर उलटा बसलेला असतो. एका टोकाला दोन एलसी कनेक्टर अदलाबदल करून बघा. फायबरच्या टोकात डोळा घालून उजेड आहे का, हे मात्र बघायचं नाही. ८५० नॅनोमीटरचा लेझर डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो अनेकदा जांभळट ठिपक्यासारखा दिसतो, तेवढं पुरे.

लिंक आली की ईथटूल डॅश एमनं मॉड्यूलची माहिती वाचा. त्यात येणाऱ्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये दिसते. १० गिगाबिटच्या एसआरला ती उणे १० च्या आसपास किंवा त्याखाली दिसली तर लिंक आज चालेल, उद्या दगा देईल. आधी कनेक्टर साफ करा. मिलमध्ये हवेत लोखंडाची धूळ असते आणि टोपण न लावता टेबलावर ठेवलेली पॅच कॉर्ड पाच मिनिटांत खराब होते. शर्टाला पुसू नका. क्लिक करून साफ करणारा पेन मिळतो, तो घ्या.

मॅनेजमेंटच्या तांब्याच्या केबलवर वेगळी खूण बघायची असते. ईथटूलमध्ये वेग १००० ऐवजी १०० दिसला तर चारपैकी एखादी जोडी नीट बसलेली नाही. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. आरजे४५ पुन्हा क्रिंप करा.

सर्व्हरवरची सेटिंग

उबंटूवर नेटप्लॅन असतं, रॉकी किंवा रेड हॅटवर एनएमसीएलआय. दोन्हीकडे भरायची माहिती सारखीच: कार्ड अ ला १०.२०.५१.२१/२४, कार्ड ब ला १०.२०.५२.२१/२४, दोन्हींवर डीएचसीपी बंद, गेटवे नाही, डीएनएस नाही. कॅप्चरच्या कार्डाला पत्ता द्यायचा नाही. ते फक्त स्विचच्या मिरर पोर्टवरून (बाकी पोर्टांवरच्या रहदारीची प्रत देणाऱ्या पोर्टवरून) येणारं ऐकतं. त्या कार्डावर जीआरओ आणि एलआरओ हे ऑफलोड बंद करा, नाहीतर कार्ड पॅकेट एकत्र करून वर देतं आणि सुरिकाटाला मूळ पॅकेट दिसत नाहीत.

नेटप्लॅनमध्ये बदल थेट अप्लाय न करता ट्राय करा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग परत येते. घरी बसून एसएसएचवरून काम करताना ही सोय जीव वाचवते. फक्त एक अट आहे: बाँडची खास सेटिंग बदलत असाल तर ती अशी माघारी घेता येत नाही. बाँडचं काम करायचं तर स्क्रीन-कीबोर्ड लावून यंत्रासमोर बसा.

नॅसच्या वेब पानावर तेच पत्ते, शेवटी ११ लावून. मग नॅसवर तीन वेगळे शेअर बनवा. कॅप्चरचा शेअर सर्व्हर १०.२०.५१.११ वरून माउंट करेल, म्हणजे स्वतःच्या फोल्डरसारखा जोडेल, स्नॅपशॉटचा शेअर १०.२०.५२.११ वरून. ईआरपीच्या बॅकअपचा शेअर अ वरूनच, पण फक्त वाचण्यापुरता. कामं लिंकांवर वाटली गेली ती इथे, माउंटच्या ओळीत. फक्त माउंटमध्ये एनएफएसची (लिनक्सची शेअर जोडण्याची पद्धत) आवृत्ती ४.० सांगा, कारण ४.१ पासून पुढे लिनक्स दोन्ही पत्ते एकाच नॅसचे आहेत हे ओळखून दोन्ही माउंट एकाच लिंकवरून नेऊ शकतं.

अ तुटली तर काय? कॅप्चरच्या फाइली सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर साठत राहतील, म्हणून तिथे दोन दिवसांची जागा मोकळी ठेवा. कॅप्चर नेहमी आधी स्थानिक डिस्कवरच लिहायचं आणि नंतर आरसिंक या कॉपीच्या कमांडनं नॅसवर हलवायचं. थेट नॅसवर लिहिलं आणि लिंक क्षणभर अडखळली तर पॅकेट गळतात. इलॅस्टिकसर्चचा चालू डेटाही नॅसवर ठेवायचा नाही. तिथे फक्त स्नॅपशॉट, तेही त्याच्या स्वतःच्या स्नॅपशॉटच्या सोयीनं. डेटाचं फोल्डर उचलून कॉपी केलं तर तो बॅकअप धरू नका, रिस्टोअर होईलच याचा भरवसा नसतो.

आणि बाँड?

मोंढ्यात वजनाचे दोन काटे असले तरी एक ट्रॅक्टर एकाच काट्यावर चढतो. एलएसीपीचं तसंच आहे. एक टीसीपी कनेक्शन एकाच लिंकवरून जातं. कोणत्या लिंकवरून, हे हॅशच्या सूत्रानं ठरतं. लिनक्सच्या बाँडमध्ये हे सूत्र मुळात लेयर २ चं असतं, म्हणजे दोन मॅक पत्त्यांवर (कार्डांच्या स्वतःच्या ओळखक्रमांकांवर) चालतं. इथे यंत्रंच दोन, मॅक पत्ते तेच, त्यामुळे उत्तर दर वेळी तेच आणि दुसरी लिंक रिकामी. सुरुवातीचा ११० एमबीचा प्रश्न बहुतेकदा इथेच सुटतो.

सूत्र लेयर ३+४ केलं तर पोर्ट क्रमांकही हिशेबात येतात. पण एनएफएस एरवी एकच कनेक्शन उघडतं, त्यामुळे वाटायला काही नसतंच. लिनक्स ५.३ पासून माउंटमध्ये एनकनेक्ट नावाचा पर्याय आहे. त्यानं चार-आठ कनेक्शन उघडली की रहदारी दोन्ही लिंकांवर पसरण्याची शक्यता निर्माण होते. शक्यताच म्हणतो, कारण चारही एकाच बाजूला पडू शकतात. शिवाय सर्व्हर फक्त स्वतःकडून जाणारं वाटतो. स्विचकडून येणारं स्विच त्याच्या सूत्रानं वाटतो. बॅलन्स-आरआर मोडमध्ये एक कनेक्शन दोन लिंकांवर पसरतं खरं, पण पॅकेट मागेपुढे पोचतात आणि टीसीपी त्याला हरवलेली पॅकेट समजून पुन्हा मागवत बसतं. त्याच्या नादी लागू नका.

विंडोजच्या शेअरवर चालणारं काम असेल तर एसएमबी ३ मधली मल्टिचॅनेल सोय बाँडशिवाय दोन्ही कार्डं वापरते. आयस्कझी (नॅसची जागा स्वतःच्या डिस्कसारखी वापरायची पद्धत) असेल तर तेच काम एमपीआयओ करतं. दोन्हींना वेगळे सबनेट चालतात, म्हणजे वरचा पत्त्यांचा कागद तसाच उपयोगी पडतो.

बाँड मी एकाच कामासाठी सुचवतो: वेग नको आहे, पण एक लिंक तुटल्यावर माणसानं हात न लावता दुसरी सुरू व्हावी. त्यासाठी ॲक्टिव्ह-बॅकअप मोड. स्विचवर काही करावं लागत नाही, दोन वेगळ्या स्विचवर दोन पाय ठेवता येतात, आणि एमआयआयमॉन १०० ठेवलं की दर १०० मिलिसेकंदाला लिंक तपासली जाते. एलएसीपीचे दोन पाय दोन स्विचवर ठेवायचे तर ते स्विच स्टॅक केलेले किंवा एमएलएजीवाले, म्हणजे दोघं मिळून एक असल्यासारखे चालणारे, लागतात.

एलएसीपी केलाच असेल तर प्रॉक नेट बाँडिंगमधली फाइल वाचा. समोरच्याचा मॅक पत्ता सगळा शून्य दिसला तर समोरचं यंत्र एलएसीपी बोलतच नाही. दोन कार्डांचे ॲग्रिगेटर आयडी वेगवेगळे दिसले तर ती एका ग्रुपमध्ये आलेलीच नाहीत.

जंबो फ्रेम

जंबो फ्रेम म्हणजे नेहमीच्या १५०० ऐवजी ९००० बाइटांची पॅकेट. पॅकेटच्या या कमाल आकाराला एमटीयू म्हणतात. एक गिगाबिटवर याच्या भानगडीत पडू नका. १५०० च्या एमटीयूवर टीसीपीला ९४१ मेगाबिट मिळतात. ९००० नं फार तर ९९०. दहा गिगाबिटवर सर्व्हरच्या प्रोसेसरचं ओझं कमी होतं, तिथे करायला हरकत नाही. दोन्ही यंत्रांवर ९०००, आणि मध्ये स्विच असेल तर त्याच्यावर त्याहून मोठी मर्यादा, बऱ्याच स्विचवर ती ९२१६ असते.

तपासायला पिंगचा आकार ८९७२ द्या आणि तुकडे न करण्याची सूचना जोडा. २८ बाइट हेडरचे धरून ९००० होतात. साधं पिंग चालतं, शेअर माउंट होतो, फाइलींची यादी दिसते, आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की सगळं गोठतं: हे लक्षण दिसलं की कुठेतरी एमटीयू जुळलेला नाही, दुसरं काही शोधत बसू नका.

दारं बंद करा

ॲनालिसिस सर्व्हर सगळ्यांवर नजर ठेवतो, म्हणजे सगळ्यांशी त्याचा संबंध येतो. हल्लेखोर आधी त्यालाच धरेल असं मानून चला. तो पडला तर त्याच्यामार्फत बॅकअपपर्यंत पोचता येऊ नये.

नॅसवर एनएफएसची परवानगी पूर्ण सबनेटला नाही, १०.२०.५१.२१ आणि १०.२०.५२.२१ या दोनच पत्त्यांना. रूट स्क्वॉश चालू, म्हणजे सर्व्हरच्या रूटला नॅसवर रूटचे हक्क मिळत नाहीत. नॅसचं वेब पान आणि एसएसएच फक्त मॅनेजमेंटच्या पत्त्यावर. स्टोरेजच्या पत्त्यांवर एनएफएस आवृत्ती ४ साठी २०४९ हा पोर्ट उघडा, बाकी सगळं बंद. सर्व्हरकडूनही स्टोरेजच्या कार्डांवर बाहेरून येणारी नवीन कनेक्शन नाकारा.

मग आयपी फॉरवर्डिंग. सर्व्हरला तीन नेटवर्कमध्ये पाय आहेत, त्यामुळे फॉरवर्डिंग चालू असेल तर तो राउटर बनतो. सिसकंट्रोलमध्ये ते ० करा, असं सगळेच सांगतात. पण हल्ली ॲनालिसिसची बरीच सॉफ्टवेअर डॉकरमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या कंटेनरांत, चालतात, आणि डॉकर सुरू होताना ती सेटिंग स्वतः १ करतो. म्हणून नुसत्या त्या सेटिंगवर विसंबू नका. फायरवॉलच्या डॉकर-यूजर नावाच्या साखळीत स्टोरेजच्या दोन्ही कार्डांवरून येणारी-जाणारी फॉरवर्ड रहदारी टाकून देणारा नियम घाला. कंटेनरना नॅसच्या फाइली होस्टनं माउंट केलेल्या फोल्डरमधून मिळतात, त्यामुळे या नियमानं काही अडत नाही.

आणि नॅसवर त्याचे स्वतःचे (इलॅस्टिकसर्चचे नव्हेत), केवळ वाचण्यापुरते स्नॅपशॉट लावा, जे एनएफएसवरून पुसता येत नाहीत. सर्व्हरला शेअरवर लिहिता येतं म्हणजे पुसताही येतं. लिंका कितीही वेगळ्या केल्या तरी हे बदलत नाही.

वेळ दोन्ही यंत्रांची एक हवी. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी घड्याळ जुळवायला सांगितलं आहे. मॅनेजमेंटच्या लिंकवरून करा. घड्याळं चार मिनिटांनी मागेपुढे असतील तर "आधी लॉगिन झालं की आधी डिलीट झालं" हे ६ तासांत सांगताना घाम फुटतो.

लाइट जाऊन आल्यावर

उन्हाळ्यात लाइट जाते, यूपीएस दमतो, सगळं बंद पडतं. लाइट आल्यावर सर्व्हर दोन मिनिटांत उठतो, नॅस डिस्का तपासत पाच-सात मिनिटं घेतो. सर्व्हरनं शेअर माउंट करायचा प्रयत्न केला, नॅस सापडला नाही, पुढे गेला. आता माउंटच्या जागी नुसतं रिकामं फोल्डर आहे. रात्री आरसिंक चालू झालं आणि त्या फोल्डरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रूट डिस्कवर, कॅप्चर ओतायला लागलं. डिस्क भरली, इलॅस्टिकसर्चनं लिहिणं थांबवलं, लॉग यायचे बंद. नॅस तोवर मजेत चालू.

उपाय दोन, दोन्ही करा. एफएसटॅबमध्ये (माउंटांची यादी असलेल्या फाइलमध्ये) नोफेल आणि सिस्टिमडीचं ऑटोमाउंट लावा, म्हणजे फोल्डरला हात लागेल तेव्हा माउंटचा प्रयत्न पुन्हा होतो. आणि शेअर माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर कमांडनं प्लस आय लावा. मग माउंट नसेल तर त्यात रूटलाही लिहिता येत नाही, आरसिंक एरर देऊन थांबतं, आणि एररचा मेल येतो. माउंट झाल्यावर वरचा शेअर नेहमीसारखा चालतो. माउंट हार्ड ठेवा, म्हणजे लिंक परत येईपर्यंत ते वाट बघतं. सॉफ्टमध्ये लिंक अडखळली तर अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाऊ शकते.

यूपीएसवर सर्व्हर आणि नॅस असतात, मधला मॅनेजमेंट स्विच मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटवर असतो. हे एकदा स्वतः जाऊन बघाच.

चाचणी

नॅसवर वेग मोजणारं आयपर्फ३ सर्व्हर म्हणून चालू करा आणि स्टोरेजच्या पत्त्यांवर त्याचे पोर्ट चाचणीपुरते उघडा, नंतर बंद करा. नॅसच्या मेनूत नसेल तर कंटेनरमध्ये चालतं. सर्व्हरवरून आधी ५१.११ ला, मग ५२.११ ला, मग दोन्हींना एकाच वेळी, नॅसवर दोन वेगळ्या पोर्टवर चालवून. डॅश मोठा आर देऊन उलट दिशाही बघा. दहा गिगाबिटवर ९.४ च्या आसपास यायला हवं. एका धाग्यात कमी आलं तर डॅश मोठा पी ४ द्या (लहान पी म्हणजे पोर्ट). दोन्ही एकदम चालवल्यावर बेरीज एकट्याएवढीच आली, तर कुठेतरी दोघी एकाच वाटेनं जात आहेत. त्यानंतर खरी फाइल कॉपी करा. वेग सेकंदाला ४०० एमबीवर अडला तर घाबरू नका, तो डिस्कांचा वेग आहे. फिरत्या डिस्का दहा गिगाबिट भरत नाहीत.

मग मोडतोड. कॉपी चालू असताना अ उपसा: स्नॅपशॉट चालू राहिला पाहिजे आणि लिंक गेल्याचा अलर्ट आला पाहिजे. अलर्ट आला नाही तर दोन लिंकांना अर्थ नाही, कारण पहिली तुटल्याचं दुसरी तुटल्यावरच कळतं. सर्व्हरवरून नॅसचं वेब पान ५१.११ वर उघडून बघा: उघडता कामा नये. नॅस बंद ठेवून सर्व्हर रीस्टार्ट करा आणि आरसिंक चालवा: एरर आला पाहिजे. शेवटी एक स्नॅपशॉट वेगळ्या नावानं रिस्टोअर करा आणि त्याला लागलेला वेळ पत्त्यांच्या कागदावर लिहा.

हा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दोन्ही रॅकच्या दारांवर आतून लावा. शेजारी एक स्पेअर एसआर मॉड्यूल आणि टोपणासकट एक पॅच कॉर्ड टेपनं चिकटवून ठेवा. स्टोअरच्या कपाटात ठेवली तर रात्री अकराला आधी किल्लीवाल्या भाऊला फोन लावावा लागतो.